डॉ. किंग यांचे शेवटचे काम

आपल्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा परिपाठ आहे. आतापर्यंत संतांची, समाजसुधारकांची आणि देशभक्तांची चरित्रे देऊन झाली. या वर्षी ते काम माझ्याकडे आले तेव्हा मी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव सुचविले. बैठकीत थोडी कुजबुज झाली. त्यांच्याविषयी सर्वांनाच थोडेफार ठाऊक असते, मग त्यात नवीन ते काय? अमेरिकेतील काळ्या लोकांचे पुढारी, गांधीजींना गुरू मानणारे, वॉशिंग्टनचे ते गाजलेले भाषण, नोबेल पारितोषिक आणि शेवटी खून. परंतु ज्या गावी त्यांचा खून झाला त्या गावी ते कशासाठी गेले होते, असे मी विचारले तेव्हा कोणालाच सांगता येईना. ते गेले होते नगरपालिकेचा कचरा उचलणाऱ्या कामगारांच्या पगारासाठी. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे चरित्र लिहावयास घेतले आहे, म्हणून बाकीचा भाग थोडक्यात उरकला तर भगिनींनी रागावू नये.

किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहरी झाला. पाळण्यातले नाव मायकेल. पुढे वडिलांनी स्वतःचे आणि मुलाचे, दोघांचीही नावे बदलून मार्टिन ल्यूथर अशी ठेवली. वडील चर्चचे धर्मोपदेशक. त्याच चर्चमध्ये आई ऑर्गन वाजवीत असे. घर खाऊनपिऊन सुखी होते. पण वडिलांचे वडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे, आणि मालकाच्या हिशेबात कसणाऱ्याच्या वाट्याला काय उरते हे त्या घरात सर्वांना माहीत होते. मुलगा हुशार निघाला. पंधराव्या वर्षी कॉलेजात गेला. दक्षिणेत त्या काळी काळ्यांची शाळा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा, बसमधली जागा वेगळी. अस्पृश्यता पाहिलेल्या आपल्या देशात याचे अधिक वर्णन नको.

पुढे धर्मशास्त्राच्या अभ्यासासाठी किंग उत्तरेकडे गेले आणि बॉस्टन येथे त्यांची कोरेटा स्कॉट यांच्याशी ओळख झाली. कोरेटाबाई अलाबामातल्या खेड्यातल्या. लहानपणी शेतात कापूस वेचलेल्या, आणि आता बॉस्टनला गायनाचे शिक्षण घेत होत्या. १८ जून १९५३ रोजी माहेरच्या अंगणात त्यांचे लग्न झाले. लग्न लावणारे होते स्वतः सासरे. ख्रिस्ती विवाहविधीत नवऱ्याच्या आज्ञेत राहीन अशी शपथ वधूने घेण्याची तेव्हा प्रथा होती. कोरेटाबाईंनी ती शपथ विधीतून काढावयास लावली. सासरे कडक स्वभावाचे होते, तरी त्यांनी ते मानले. १९५३ साली एका सुनेने सासऱ्याला हे सांगावे, याचे मला फार कौतुक वाटते.

१९५४ साली किंग अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरी एका चर्चचे धर्मोपदेशक झाले. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी बसमधली जागा गोऱ्या उतारूला देण्याचे नाकारले व त्यांना अटक झाली. ही हकिकत पुष्कळ ठिकाणी आली आहे. तितकी न आलेली हकिकत अशी की, त्या गावात काळ्या स्त्रियांचे एक मंडळ होते. १९४६ साली स्थापन झालेले, बहुतेक सभासद शिक्षिका. त्यांतल्या जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने अटकेची बातमी कळताच रात्रभर कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रके छापून काढली आणि दुसऱ्या दिवशी ती गावभर पोचवली. बसवरील बहिष्काराची हाक तिथून गेली. किंग यांना पुढारी निवडण्यात आले ते त्यानंतर. तेव्हा त्यांचे वय अवघे २६ होते.

बहिष्कार ३८१ दिवस चालला. एवढे दिवस चालले कोण? गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक, धुणे आणि मुले सांभाळणाऱ्या बाया. जॉर्जिया गिलमोर ही एका खानावळीतली स्वयंपाकीण. तिने आजूबाजूच्या बायका जमवून केक, पाय आणि तळलेली कोंबडी करून विकावयास सुरुवात केली आणि आलेला पैसा दर सभेला चळवळीच्या पेटीत टाकला. मदत करणाऱ्या बायकांची नावे बाहेर फुटली तर त्यांच्या नोकऱ्या जाणार. म्हणून पैसा कुठून आला असे विचारले की कुठूनच नाही असे सांगावयाचे, आणि गटाचे नावही तसेच ठेवलेले. पुढे कोर्टात साक्ष दिल्यावर गिलमोरबाईची नोकरी गेलीच. तेव्हा किंग यांनी तिला भांडीकुंडी घेण्यास मदत केली आणि घरीच खानावळ घालावयास सांगितले. ते स्वतः तिच्याकडे जेवावयास जात आणि बैठकीही तिथेच घेत. आंदोलनाचा खर्च भाषणांवर निघत नाही, हे आपल्या मंडळाच्या खजिनदारबाईंना सांगावयास नको.

या लढ्यातली आणखी एक गोष्ट पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवावयास हवी. पार्क्सबाईंना जामिनावर सोडवून आणणारे ई. डी. निक्सन हे रेल्वेच्या शयनयानातले पोर्टर होते, म्हणजे बिछाने घालणारे, सामान उचलणारे. ए. फिलिप रँडॉल्फ यांनी अशा पोर्टरांची जी युनियन उभी केली, तिच्यातले ते जुने कार्यकर्ते. सभा कशी घ्यावी, वर्गणी कशी जमवावी, फुटीरांना कसे सांभाळावे, हे सारे निक्सन युनियनमध्ये शिकले होते. धर्मोपदेशक किंग यांना कामगार संघटनेची ही ओळख अगदी आरंभीच झाली. त्याच वेळी ३० जानेवारी १९५६ रोजी त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. घरात कोरेटाबाई आणि दोन-अडीच महिन्यांची मुलगी होती. दोघी बचावल्या. बाहेर संतापलेला जमाव उभा होता. किंग यांनी त्याला शांत करून घरी पाठविले.

१९५९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हे दांपत्य महिनाभर भारतात येऊन गेले. पंडित नेहरूंना भेटले. मुंबईत त्यांचा मुक्काम गांधीजींच्या मणिभवनात होता. मुंबईच्या फुटपाथवर रात्री झोपलेली माणसे त्यांनी पाहिली आणि परत गेल्यावर त्याबद्दल लिहिले. आपल्याला लाज वाटावी असे ते दृश्य होते, हे खरे. पण अस्पृश्यतेविरुद्ध केलेल्या कायद्यांची आणि राखीव जागांचीही त्यांनी नोंद घेतली, आणि तसे काही आपल्या देशात का होत नाही हा प्रश्न बरोबर नेला.

यानंतरची काही वर्षे मोठ्या यशाची. १९६३ साली बर्मिंगहॅमचा सत्याग्रह आणि तुरुंगवास. त्याच वर्षी २८ ऑगस्टला वॉशिंग्टनचा प्रचंड मोर्चा. या मोर्चाच्या नावात स्वातंत्र्याच्या आधी रोजगार हा शब्द होता हे आज कोणाच्या ध्यानीही नसते. तो मोर्चा मुळात त्याच रँडॉल्फ यांच्या कल्पनेतला. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा आणि वयाच्या पस्तिसाव्या वर्षी शांततेचे नोबेल पारितोषिक. त्याची रक्कम, चोपन्न हजार डॉलरांच्या आसपास, त्यांनी चळवळीला देऊन टाकली. १९६५ साली मतदानाच्या हक्काचा कायदा.

येथे थांबले असते तर किंग यांचे पुतळे जिवंतपणीच उभे राहिले असते. परंतु त्यांच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. हॉटेलात गोऱ्यांच्या शेजारी बसण्याचा हक्क मिळाला, पण तिथे चार घास विकत घेण्यास खिशात पैसा नसेल तर त्या हक्काचे करावयाचे काय? १९६६ साली ते शिकागोच्या गलिच्छ वस्तीत राहावयास गेले. १९६७ साली व्हिएतनाम युद्धाविरुद्ध जाहीर बोलले, आणि त्यामुळे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन दुरावले, वर्तमानपत्रे उलटली, जुने सहकारीही बिचकले. सर्व वर्णांच्या गरिबांना घेऊन राजधानीत तळ ठोकावयाचा अशी नवी मोहीम त्यांनी आखली होती. ती तयारी चालू असता मेम्फिसहून बोलावणे आले.

मेम्फिस हे टेनेसी राज्यात मिसिसिपी नदीच्या काठचे शहर, एके काळची कापसाची मोठी पेठ. तिथे कचरा उचलणारे सुमारे १,३०० कामगार, जवळजवळ सारे काळे. वरचे मुकादम गोरे. लोकांच्या परसात जाऊन कचरा पत्र्याच्या टबात भरावयाचा आणि तो टब डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत आणावयाचा. टबांना भोके, घाण पाणी आणि अळ्या अंगावर गळत. हातपाय धुण्यास जागा नाही. मजुरी तासाला पावणेदोन डॉलरांच्या आसपास, म्हणजे देशातल्या किमान वेतनाच्या, १.६० डॉलरच्या, किंचित वर. पूर्ण वेळ राबूनही पुष्कळांच्या घरी सरकारी मदतीवाचून चूल पेटत नसे. जादा तासांचे पैसे नाहीत. वर्षानुवर्षे काम करूनही हिशेब रोजंदारीचा.

टी. ओ. जोन्स या कामगाराने संघटना बांधावयास घेतली म्हणून १९६३ साली त्याला आणि त्याच्या सोबत्यांना, अशा ३३ जणांना, काढून टाकण्यात आले. त्याने हाय खाल्ली नाही. सरकारी व नगरपालिका नोकरांच्या देशव्यापी युनियनची शाखा त्याने मेम्फिसला काढली आणि शाखेच्या क्रमांकात ३३ हा आकडा त्या बडतर्फांच्या आठवणीसाठी घातला. १९६६ साली एकदा संपाचा प्रयत्न झाला, तो कोर्टाच्या मनाई हुकुमाने मोडला.

१९६८ च्या जानेवारीअखेर एका पावसाळी दिवशी गटाराच्या कामावरील काळ्या मजुरांना दोन तासांची मजुरी देऊन घरी पाठविले गेले, आणि गोऱ्या मुकादमांना पूर्ण दिवसाचा पगार मिळाला. लगेच १ फेब्रुवारीला एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार पावसापासून बचाव म्हणून कचरागाडीच्या मागल्या भागात शिरले. काळ्या कामगारांनी आडोशासाठी वस्तीत कुठे उभे राहिलेले चालत नसे. गाडी जुनी होती. कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघे त्यात चिरडले गेले. ते रोजंदारीवर असल्याने नुकसानभरपाईच्या नियमात बसत नव्हते. नगरपालिकेने घरच्यांना एक महिन्याचा पगार आणि अंत्यसंस्कारासाठी ५०० डॉलर दिले. वॉकरची पत्नी गरोदर होती.

१२ फेब्रुवारीला कामगार कामावर गेले नाहीत. कोणी मोठ्या पुढाऱ्याने हाक दिली नव्हती. देशव्यापी युनियनलाही ते आधी कळले नव्हते. मागण्या साध्या होत्या: पगारवाढ, जादा कामाचे पैसे, सुरक्षित गाड्या, युनियनला मान्यता आणि तिची वर्गणी पगारातून कापून देणे. भांडण अडले ते या शेवटच्या दोन मागण्यांवर. महापौर हेन्री लोब यांचे म्हणणे, सार्वजनिक नोकरांचा संप बेकायदा आहे, आधी कामावर या. मला वाटते, चार सेंट वाढवून देणे त्यांना जड नव्हते. एकेकट्या मजुराशी बोलावयाचे सोडून संघटनेशी बरोबरीने बोलावे लागेल, हे जड होते. आणि वर्गणी पगारातून कापली गेली नाही तर एवढ्या कमी मजुरीच्या माणसांची युनियन वर्षभरात मोडेल, हे कामगारही ओळखून होते.

२३ फेब्रुवारीच्या मोर्चावर पोलिसांनी डोळ्यांची आग करणारा फवारा मारला, आणि त्यात चर्चचे धर्मोपदेशकही सापडले. तेव्हापासून हा संप साऱ्या काळ्या वस्तीचा झाला. चर्चमधून धान्य वाटले जाऊ लागले, भाडी भरली गेली, बायकांनी मुख्य पेठेतली खरेदी बंद केली. दररोज कामगार रांगेने चालत, आणि मोर्चातल्या पाटीवर आपण माणूस आहोत एवढेच लिहिलेले असे.

या लढ्याची आखणी करणाऱ्यांत मुख्य होते रेव्हरंड जेम्स लॉसन. यांचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. कोरियाच्या युद्धात भरती होण्याचे नाकारून तुरुंगवास भोगल्यावर हे गृहस्थ १९५३ ते १९५६ या काळात नागपूरला मिशनरी म्हणून राहिले आणि हिस्लॉप कॉलेजात त्यांनी काम केले. गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी तिथे केला, आणि माँटगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्यांना कळली तीही नागपूरच्याच वर्तमानपत्रात. परत गेल्यावर किंग यांची भेट झाली, आणि दक्षिणेतल्या शेकडो तरुणांना मार सोसूनही हात न उगारण्याचे शिक्षण लॉसन यांनी दिले. २०२४ साली ते वारले. मेम्फिसला या म्हणून किंग यांना बोलावणारे हेच.

किंग यांच्या सहकाऱ्यांचा सल्ला होता की, राजधानीची मोहीम तोंडावर असता एका गावच्या संपात पडू नये. सल्ला व्यवहाराचा होता, पण किंग यांनी तो मानला नाही. ज्या गरिबांसाठी राजधानीत जावयाचे, तेच येथे रस्त्यावर उभे होते. १८ मार्चला ते गेले. हजारोंच्या सभेपुढे त्यांनी एक दिवस साऱ्या गावाने काम बंद ठेवावे असे सुचविले. ठरलेल्या दिवशी, २२ मार्चला, तिकडे कधी न पडणारे बर्फ १६ इंच पडले आणि सारेच पुढे ढकलावे लागले. २८ मार्चला मोर्चा निघाला. मागच्या बाजूला काही पोरांनी दुकानांच्या काचा फोडल्या, पोलिस तुटून पडले, लॅरी पेन हा सोळा वर्षांचा मुलगा गोळीने ठार झाला, आणि शहरात फौज आली. किंग यांच्या मोर्चात असे पूर्वी घडले नव्हते. ते फार खचले. वर्तमानपत्रांना आयतेच कोलीत मिळाले. पण मेम्फिसमध्ये शांततेचा मोर्चा काढून दाखविल्याशिवाय राजधानीत पाऊल ठेवता येणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि पुन्हा यावयाचे ठरविले.

३ एप्रिलला ते निघाले तेव्हा विमानात बॉम्ब असल्याच्या धमकीने उशीर झाला. गावात पोचतात तो कोर्टाचा मनाई हुकूम. संध्याकाळी वादळी पाऊस. प्रकृती बरी नव्हती, म्हणून सभेला त्यांनी आपले मित्र रेव्हरंड ॲबरनॅथी यांना पाठविले. तिथून निरोप आला की, एवढ्या पावसात जमलेले लोक तुमच्यासाठी आले आहेत. ते तसेच उठून गेले आणि हातात कागद नसता बोलले. त्या भाषणाचा शेवट, ज्यात स्वतःच्या मरणाची चाहूल आहे, जगभर माहीत झाला. पण त्याआधी त्यांनी कोणत्या कंपनीचे दूध, पाव आणि पेय विकत घेऊ नये आणि आपले पैसे कोणत्या बँकेत ठेवावे, हेही नीट समजावून सांगितले होते. रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाची बायबलातली गोष्ट सांगून, आपण थांबलो नाही तर या कामगारांचे काय होईल असा प्रश्न प्रत्येकाने करावा, असे त्यांनी बजावले.

दुसऱ्या दिवशी, ४ एप्रिल १९६८ रोजी, सायंकाळी सहाच्या सुमारास ते लॉरेन मोटेलच्या सज्जात उभे होते. जेवावयास बाहेर जावयाचे होते. समोरच्या इमारतीतून आलेल्या एका गोळीने त्यांचा अंत झाला. वय ३९. जेम्स अर्ल रे या इसमाने पुढे कोर्टात गुन्हा कबूल केला, नंतर जबाब फिरविला. शिक्षा कायम राहिली.

पतीचा दफनविधी ९ एप्रिलला अटलांटात व्हावयाचा होता. आदल्याच दिवशी, ८ तारखेला, कोरेटाबाई तीन मुलांना घेऊन मेम्फिसला आल्या आणि राहिलेला मोर्चा त्यांनी पुरा केला. हजारो माणसे, युनियनच्या अंदाजाने ४२,०००, एक शब्द न बोलता त्यांच्यामागून चालली. एक काचही फुटली नाही. घरात प्रेत असता बाईने बाहेर पडावे की नाही, असे कोणी म्हणेल. त्या बाहेर पडल्या.

राष्ट्राध्यक्षांनी मजूर खात्याचा अधिकारी पाठविला आणि १६ एप्रिलला, ६५ दिवसांनी, तडजोड झाली. युनियनला मान्यता मिळाली. वर्गणी पगारातून कापण्याची तजवीज कामगारांच्या पतपेढीमार्फत झाली. पगार १ मेपासून तासाला १० सेंट आणि १ सप्टेंबरपासून आणखी ५ सेंट वाढला. नगरपालिकेच्या तिजोरीत त्यासाठी पैसा नाही अशी सबब निघाली, तेव्हा एब प्लाव या स्थानिक व्यापाऱ्याने नाव जाहीर न करता सुमारे ६०,००० डॉलर भरले. पंधरा सेंट! एवढ्यासाठी तीन कामगार-वस्तीतले आणि एक जगन्मान्य, असे चार जीव गेले, असा हिशेब मनात आल्यावाचून राहात नाही. पण वाढीचा आकडा लहान असला तरी ती मागून मिळालेली भीक नव्हती. दोन्ही बाजूंच्या सह्या झालेला करार होता.

पुढच्याच वर्षी, १९६९ साली, दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन शहरी दोन सरकारी इस्पितळांतल्या आया आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाया अशा चारशेवर काळ्या कामगारांनी संप केला. त्यांची मजुरी तासाला १.३० डॉलर. कोरेटाबाई त्यांच्यासाठी मोर्चात चालल्या. संप शंभर दिवसांवर गेला आणि मजुरी १.६० वर आली. कोरेटाबाई २००६ साली वारल्या.

मेम्फिसच्या संपकऱ्यांना पगार वाढला तरी नगरपालिकेचे पेन्शन लाभले नाही. त्या वेळी त्यांनी केंद्र सरकारची वृद्धत्व विमा योजना पत्करली होती, आणि ती तुटपुंजी ठरली. त्यामुळे काहीजण सत्तरी उलटली तरी कचरागाडीवर जात राहिले. २०१७ साली नगरपालिकेने हयात असलेल्या चौदा जणांना प्रत्येकी ५०,००० डॉलर देण्याचे ठरविले. संपाला तेव्हा एकोणपन्नास वर्षे झाली होती.